आधी बॉक्स, मग वूफर

गाडीत सबवूफर बसवायचं ठरलं की खरेदीचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधी कंपनी ठरते, मग दहा इंची की बारा इंची यावर खल होतो, मग ॲम्प्लिफायर किती वॅटचा ते ठरतं, आणि बिलाचा आकडा जुळत आला की दुकानदार म्हणतो, "बॉक्स तयार आहे, त्यातच टाकून देतो." कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काय किंवा पुण्याच्या नाना पेठेत काय, बॉक्स ही सगळ्यात शेवटी, घासाघीस करून उरलेल्या पैशांत यायची वस्तू. हा क्रम उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे. गाडीतला बेस कसा लागेल हे वूफरच्या किमतीपेक्षा आणि खोक्यावर छापलेल्या वॅटपेक्षा बॉक्स किती लिटरचा आहे, कसा बांधला आहे आणि गाडीच्या केबिनशी त्याचं कसं जमतं यावर जास्त अवलंबून असतं. म्हणून विचाराची सुरुवात बॉक्सपासून व्हायला हवी. आणि तशी ती झाली, तर आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकमध्ये, गाणी ऐकण्यासाठी सबवूफर लावणाऱ्या माणसाला, वूफरच्या हिशेबाने बांधलेला लहानसा बंद बॉक्सच बहुतेक वेळा योग्य ठरतो. याची कारणं पुढे देतो, आणि विरुद्ध बाजूने जे म्हटलं जातं त्याचाही विचार करतो.

बॉक्स मुळात लागतोच कशाला? वूफरचा कोन, म्हणजे समोर दिसणारा तो पडदा, पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. एकाच वेळी दोन लाटा निघतात. एकीचा चढ असतो तिथे दुसरीचा उतार. उंच स्वरांच्या लाटा आखूड असल्यामुळे त्यांना याचा फारसा त्रास होत नाही. पण ४० हर्ट्झच्या स्वराची लाट साडेआठ मीटरहून लांब असते, अख्ख्या स्विफ्ट गाडीच्या दुपटीपेक्षा जास्त. एवढ्या लांब लाटेला बारा इंची वूफरचा अडथळा जाणवतही नाही. मागची लाट कडेने वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. सुटा वूफर हातात धरून वाजवला तर कोन जोरजोरात हलताना दिसतो, पण कानाला बेस जवळजवळ येतच नाही, तो यामुळे. तेव्हा बॉक्सचं पहिलं काम मागची लाट अडवण्याचं. दुसरं काम अधिक नाजूक आहे आणि निवडीचा घोळ नेमका तिथे होतो. आत कोंडलेली हवा कोनावर उलटा दाब टाकते, आणि तो किती टाकते हे बॉक्सच्या लिटरवर ठरतं. बॉक्समधली हवा ही अशा रीतीने वूफरच्या यंत्रणेचाच एक भाग होऊन बसते. वूफर तोच ठेवून बॉक्स बदलला तर आवाज बदलतो, आणि तो थोडाथोडका बदलत नाही.

या उलट्या दाबाचा उपयोग करून घेता येतो हे एडगर विल्चर या अमेरिकन संशोधकाने दाखवलं. १९५४ साली त्याने हेन्री क्लॉसबरोबर मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला. तोवर खोल बेस हवा असेल तर कपाटाएवढी पेटी हवी, अशी सर्वसाधारण समजूत होती. कोनाला मूळ जागी परत आणायचं काम त्या काळी वूफरच्या कडेची झालर आणि मागची जाळी करत असे, आणि जास्त ताण पडला की त्यांची ओढ कमीजास्त होऊन आवाज बिघडे. विल्चरने हे भाग मुद्दाम सैल केले आणि कोनाला मागे खेचण्याचं काम हवाबंद पेटीतल्या हवेवर सोपवलं. हवेची स्प्रिंग अधिक एकसारखी ओढते. त्यामुळे फळीवर मावेल एवढ्या पेटीतून खोल आणि स्वच्छ बेस निघाला. आज डिक्कीत जो सील्ड बॉक्स बसतो, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

दुसरा मार्ग याच्याही आधीचा. बेल लॅबोरेटरीजमधल्या आल्बर्ट थुरास यांना १९३२ साली ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तिला आज आपण पोर्टेड बॉक्स म्हणतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठरावीक स्वर घुमतो. तो बाटलीच्या पोटातल्या हवेवर आणि मानेच्या लांबी-रुंदीवर अवलंबून असतो. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने या घुमण्याचं गणित मांडलं होतं. थुरास यांनी स्पीकरच्या पेटीला तशीच मान, म्हणजे पोर्ट, जोडली. ठरलेल्या स्वराच्या आसपास वूफरची मागची लाट या पोर्टमधून उलटून बाहेर पडते आणि पुढच्या लाटेला मारण्याऐवजी तिला साथ देते. वाया जाणारी अर्धी शक्ती कामाला लागते. कल्पना अतिशय सुंदर आहे, पण ती मापाच्या बाबतीत अजिबात सूट देत नाही. ५० लिटरचा बॉक्स ३५ हर्ट्झला ट्यून करायचा आणि पाइप १० सेंटिमीटर व्यासाचा घ्यायचा म्हटलं, तर पाइपची लांबी साधारण ३१ सेंटिमीटर येते. जागा नाही म्हणून बॉक्स २५ लिटरचा केला, तर तोच पाइप ७० सेंटिमीटरच्या घरात जातो आणि बॉक्समध्ये मावतच नाही. मग पाइप बारीक करावा लागतो, आणि बारीक पाइपमधून हवा वेगाने धावली की गाण्याबरोबर फसफस ऐकू येते. शिवाय ट्यून केलेल्या स्वराच्या खाली गेलं की पोर्टेड बॉक्स कोनाला धरून ठेवत नाही. बॉक्स जणू नाहीच असा कोन मोकाट हलतो, आणि ॲम्प्लिफायरला खालचे स्वर कापणारा सबसॉनिक फिल्टर नसेल तर वूफर मार खातो.

या दोन्ही प्रकारांना नीट गणितात बसवलं ते ऑस्ट्रेलियात. नेव्हिल थील यांनी १९६१ साली पोर्टेड पेट्यांवर निबंध प्रसिद्ध केला, आणि सिडनी विद्यापीठात काम केलेल्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते काम पूर्णत्वाला नेलं. वूफरच्या माहितीपत्रकात जे आकडे येतात त्यांना म्हणूनच थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. सामान्य ग्राहकाला त्यातले तीन पुरतात. एफएस म्हणजे वूफर मोकळा असताना ज्या स्वराला आपसूक सगळ्यात जास्त हलतो तो स्वर. क्यूटीएस म्हणजे एकदा हलल्यावर त्याला स्वतःला आवरायला किती वेळ लागतो याचं माप; आकडा मोठा तर आवर कमी. आणि व्हीएएस म्हणजे जेवढ्या लिटर हवेची लवचिकता वूफरच्या झालरीच्या लवचिकतेइतकी भरते तेवढे लिटर. समजा, एका बारा इंची वूफरचा एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर आहे. तो ३० लिटरच्या बंद बॉक्समध्ये बसवायचा आहे. ६० ला ३० ने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा: १.७३. आता या आकड्याने एफएस आणि क्यूटीएस दोघांनाही गुणा. बॉक्ससकट वूफरचा स्वर ४८ हर्ट्झवर येतो आणि बॉक्ससकट क्यू होतो ०.७८. हा क्यू ०.७१ च्या आसपास असला की आवाज सगळ्यात सपाट, म्हणजे कुठल्याच स्वराला उगाच न फुगवणारा, ०.८ पर्यंत कानाला तक्रार नसते. तोच वूफर १५ लिटरच्या बॉक्समध्ये कोंबला तर क्यू १ होतो आणि स्वर ६३ हर्ट्झवर चढतो. बेस फुगीर लागतो आणि खोली निघून जाते. एवढं गणित मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर होतं, आणि माझ्या मते सगळ्या खरेदीतलं सगळ्यात किफायतशीर काम तेच आहे.

"बारा इंचाचा तयार बॉक्स" या शब्दांतली मेख आता दिसेल. बारा इंच हे समोरच्या भोकाचं माप झालं. आत किती लिटर हवा आहे, याचा त्या आकड्याशी काहीही संबंध नाही. दोन कंपन्यांचे बारा इंची वूफर एकाच भोकात चपखल बसतील, पण एकाला २५ लिटर हवे असतील आणि दुसऱ्याला ५५. तयार बॉक्स विकणाऱ्याला तुमच्या वूफरचे आकडे माहीत नसतात. तो सगळ्यांना चालेल असं मधलं माप धरतो, आणि पोर्टेड असेल तर पाइपही अंदाजाने लावतो. बंद बॉक्समध्ये अशी चूक थोडीफार खपून जाते, कारण पाच लिटर इकडेतिकडे झाले तरी क्यू फारसा हलत नाही. पोर्टेड बॉक्समध्ये मात्र तेवढीच चूक ट्यूनिंगच सरकवते, आणि मग गाडीत एकच स्वर ढमढम घुमत राहतो आणि बाकीचे हरवतात. तयार बॉक्स स्वस्त पडतो हे खरं आहे. तो घ्यायलाही हरकत नाही, फक्त विकणाऱ्याने आतले निव्वळ लिटर सांगितले पाहिजेत आणि ते वूफरच्या पत्रकाशी जुळले पाहिजेत.

आता गाडीकडे येऊ, कारण घरातला नियम गाडीत चालत नाही. पेट्यांच्या जगात जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने एक लोखंडी नियम ओळखला जातो. क्लॉस यांनी पुढे काढलेल्या केएलएच कंपनीच्या नावातला 'एच' हाच. नियम असा की लहान पेटी, खोल बेस आणि कमी शक्तीत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी दोनच मिळतात, तिसरी सोडावी लागते. लहान बंद बॉक्समध्ये खोल बेस मागितला तर शक्ती जास्त मोजावी लागते. दिवाणखान्यात ही किंमत जड जाते. गाडीत केबिन स्वतःच मदतीला येते. काचा लावलेली केबिन म्हणजे साधारण अडीच मीटर लांबीची बंद जागा. साधारण ७० हर्ट्झच्या खाली स्वराची अर्धी लाटही त्या जागेत मावत नाही. मग लाट फिरण्याऐवजी केबिनमधली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते. परिणाम असा की स्वर जितका खाली जाईल तितकी केबिन त्याला जास्त उचलून धरते. हिशेबाने ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाते. प्रत्यक्षात दाराच्या फटी आणि छताचा पातळ पत्रा काही वाटा खातात, त्यामुळे ती कमी भरते. बंद बॉक्स आपल्या स्वराच्या खाली नेमका दर सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरत जातो. एक उतरतो तशी दुसरी चढते. म्हणूनच ४८ हर्ट्झच्या आकड्याने बिचकायचं कारण नाही. गाडीत तोच बॉक्स तिशीच्या घरातले स्वरही व्यवस्थित ऐकवतो. पोर्टेड बॉक्सचा उतार दर सप्तकाला २४ डेसिबलचा, म्हणजे दुप्पट तीव्र. ट्यूनिंगच्या वर केबिनची भर पोर्टच्या भरीवर बसते आणि आवाज फुगतो, ट्यूनिंगच्या खाली दोन्ही मिळूनही तो एकदम गळतो. मला बंद बॉक्सच्या बाजूचं सगळ्यात भक्कम कारण हेच वाटतं, आणि दुकानात ते क्वचितच कुणी सांगतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पोर्टेड बॉक्स जास्त वाजतो. बरोबर आहे. ट्यूनिंगच्या आसपास तो त्याच शक्तीत तीन डेसिबल किंवा त्याहून अधिक देतो, आणि तीन डेसिबल म्हणजे ॲम्प्लिफायर दुप्पट ताकदीचा घेण्यासारखं. शक्ती महाग होती त्या काळात हा मुद्दा निर्णायक होता. आज क्लास डी प्रकारचे ॲम्प्लिफायर लहान, थंड आणि परवडणारे झाले आहेत. ३०० वॅट आरएमएस ही शक्ती साध्या गाडीच्या बॅटरीवरून सुमारे २७ अँपिअरमध्ये निघते. तीन डेसिबलचा फरक कानाला जाणवतो, पण जेमतेम. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. एवढ्याशा फायद्यासाठी डिक्कीतली वीस-पंचवीस लिटर जास्तीची जागा आणि मापातली चूक पोटात घालण्याची सोय सोडून द्यायची का, हा खरा प्रश्न आहे. ज्यांना डेसिबलच्या स्पर्धेत उतरायचं आहे त्यांच्यासाठी उत्तर निराळं असेल, आणि ते असावं. रस्त्यावरून जाताना मात्र केबिनबाहेरच्या माणसाचाही विचार करावा लागतो. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खालचे स्वर काच आणि भिंत दोन्ही सहज ओलांडतात.

दुसरा आक्षेप चवीचा आहे. मला धक्का हवा आहे, हायफाय नको, असं म्हणणारे बरेच असतात. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी बेसची जी कल्पना मनात बसवली आहे, तिचा यात मोठा वाटा आहे. पण आपण गाडीत ऐकतो काय ते पाहू. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा स्वर ४१ हर्ट्झचा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. नव्या चित्रपटगीतांतले इलेक्ट्रॉनिक बेस तिशीपर्यंत उतरतात, पण आपल्या ऐकण्याचा मोठा भाग चाळीसच्या वरच असतो. आणि या संगीतात धक्क्याइतकंच महत्त्व थांबण्याला आहे. डग्ग्यावर मनगटाचा दाब देत काढलेला घुमारा स्वर बदलत सरकतो. तो सरकताना ऐकू यायचा तर बॉक्सने सगळ्या स्वरांना सारखं वागवलं पाहिजे. एकाच स्वराला उचलणारा बॉक्स तो घुमारा एका जागी फुगवतो आणि पुढे गिळून टाकतो. ढोलाचा ठोका आणि त्याच्या पाठोपाठचा ठोका यांच्यातली रिकामी जागाही अशा बॉक्समध्ये भरून जाते. ज्याला धक्का हवा आहे त्यालाही तो ठोक्यागणिक वेगळा हवा असतो. सतत घुमणाऱ्या गाडीत धक्का उरतच नाही, फक्त गुणगुण उरते. नीट मोजून, नीट ट्यून करून बांधलेला पोर्टेड बॉक्स यातलं बरंच टाळू शकतो, हे मान्य करायलाच हवं. माझा आक्षेप पोर्टला नाही, न मोजता कापलेल्या पोर्टला आहे.

तिसरा आक्षेप बेस बूस्टचा. बॉक्स कसाही असू दे, डेकमधून बेस वाढवला की झालं. पण सहा डेसिबल वाढवले की ॲम्प्लिफायरकडून चौपट शक्ती मागितली जाते. शिवाय बंद बॉक्समध्ये आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, म्हणजे ८० वरून ४० हर्ट्झवर यायचं, तर कोनाला चौपट अंतर हलावं लागतं. कोन किती हलू शकतो त्याला मर्यादा असते. पत्रकात ती एक्समॅक्स या नावाने येते. ती ओलांडली की आधी आवाज फाटतो आणि मग वूफर निकामी होतो. चुकीच्या लिटरची भरपाई बटणाने होत नाही. बटणाचा खरा उपयोग वेगळाच आहे: ॲम्प्लिफायरचा लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे सबवूफर दारातल्या स्पीकरच्या कामात लुडबुड करणार नाही. एवढ्या खालच्या स्वराची दिशा कानाला ओळखता येत नाही, त्यामुळे बॉक्स डिक्कीत असला तरी बेस समोरून आल्यासारखा लागतो.

बांधणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सुताराकडून बॉक्स करून घेणं हा आपल्याकडे सहज जमणारा आणि बहुतेकदा जास्त चांगला पर्याय आहे. बाहेरून ४५ बाय ३५ बाय ३० सेंटिमीटरची पेटी घ्या. गुणाकार केला तर ४७ लिटर होतात, आणि बरेच जण इथेच थांबतात. पण १८ मिलिमीटरचा एमडीएफ वापरला तर प्रत्येक बाजूला दोनदा जाडी वजा होते: आत राहतात ४१.४ बाय ३१.४ बाय २६.४, म्हणजे ३४.३ लिटर. तेरा लिटर लाकडाने खाल्ले. वूफरचा मागचा भाग दोन-एक लिटर घेतो, आतली आधाराची पट्टी एखादा लिटर. उरले ३१, म्हणजे वर उदाहरणात घेतलेल्या वूफरला हवे तेवढेच. आता जाडी कशाला हवी ते पाहा. बारा इंची कोनाचं क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंटिमीटर असतं. तो एक सेंटिमीटर आत आला की अर्धा लिटर हवा दाबतो. ३१ लिटरच्या बॉक्समध्ये तेवढ्याने जो दाब तयार होतो, तो पाठच्या फळीवर सुमारे ३० किलोचा भार टाकतो. ४० हर्ट्झचा स्वर वाजत असेल तर सेकंदाला चाळीस वेळा ही फळी ३० किलोने बाहेर ढकलली जाते आणि तितक्याच जोराने आत ओढली जाते. बारा मिलिमीटरची फळी यात थरथरते, आणि जी शक्ती हवेत जायची ती लाकूड हलवण्यात खर्च होते. म्हणून जाडी १८ हवी आणि सर्वांत मोठ्या दोन फळ्यांना आतून एकमेकींशी जोडणारी एक पट्टी हवी. पार्टिकल बोर्ड घेऊच नये. स्क्रू त्यात टिकत नाही. कोकण, गोवा, मुंबईच्या पावसात एमडीएफही धोक्याचा, ओल लागली की फुगतो. तिथे आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्यावं, किंवा एमडीएफला आतून-बाहेरून रंगाचे दोन हात द्यावेत. लाकूड फारसं लागत नाही. आठ बाय चार फुटांच्या शीटचा तिसरा हिस्साही संपत नाही.

सुताराला एकच गोष्ट बजावून सांगावी लागते, ती म्हणजे हवा. कपाट करताना सांधा काटकोनात आला की काम झालं. इथे तो हवाबंद लागतो. गुण्या लावून कापलेल्या कडांना भरपूर फेविकॉल, शिकंज्यात रात्रभर दाब, स्क्रू तीन-चार इंचांवर एक, आणि वाळल्यावर आतल्या सगळ्या कोपऱ्यांत सिलिकॉन. वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी, आणि वायर जिथून बाहेर येते ते भोक टर्मिनलच्या मागूनही सीलबंद. तपासणी सोपी आहे. तीस हर्ट्झचा सलग स्वर हळू आवाजात वाजवायचा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून फिरवायची. जिथे धूर थरथरतो तिथे गळती आहे. लिटर थोडे कमी पडले असतील तर उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा तंतू आत सैलसर भरता येतो. त्याने बॉक्स दहा ते वीस टक्के मोठा असल्यासारखा वागतो. १५ लिटरला ३० करण्याची किमया मात्र त्यात नाही.

सीएनजी गाड्यांचा प्रश्न खरा आहे. डिक्कीत साठ लिटरची टाकी बसल्यावर ३० लिटरच्या बॉक्सलाही जागा उरत नाही, आणि पुणे-मुंबईत अशा गाड्या भरपूर आहेत. अशा वेळी सीटखाली बसणारा, आतच ॲम्प्लिफायर असलेला आठ इंची चपटा सबवूफर घ्यावा लागतो. हॉफमनचा नियम इथेही सुटत नाही: चाळीसच्या खाली त्याच्याकडून फार मागू नये आणि आवाजालाही मर्यादा मानावी. पण त्याचा बॉक्स आणि वूफर एकाच माणसाने एकमेकांसाठी मोजून केलेले असतात, आणि एवढ्या एका कारणामुळे तो अंदाजाच्या बॉक्समधल्या महागड्या बारा इंचीपेक्षा पुष्कळदा सरस वाजतो. सेडानमध्ये डिक्की मोठी असली तरी मागची सीट आणि पत्रा आडवा येतो, त्यामुळे बॉक्स सीटच्या पाठीजवळ आणि फटींना मोकळी वाट देऊन ठेवावा लागतो. हॅचबॅकमध्ये सामानाची जागा आणि केबिन एकच असल्याने तो त्रास नाही. वूफरचं तोंड मागच्या दाराकडे करून एकदा आणि सीटकडे करून एकदा ऐकावं, आणि जे बरं वाटेल ते ठेवावं.

दुकानात पाऊल टाकण्याआधी डिक्कीत मोजपट्टी लावून बॉक्सला किती लिटर देता येतील ते ठरवा, आणि एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे तीन आकडे छापून न देणारा वूफर कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. बॉक्स तयार झाला की तो डिक्कीत नुसता ठेवून मोकळे होऊ नका. वूफरसह त्याचं वजन पंधरा किलोच्या आसपास भरतं, आणि करकचून ब्रेक लागला की मागच्या सीटवर बसलेल्यांच्या दिशेने तो सुटतो. लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट लावून त्याला गाडीच्या तळाशी पक्का बांधा. तळात भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून इंधनाची नळी आणि टाकी कुठून जाते ते स्वतः पाहा, फिटरच्या भरवशावर राहू नका.